अकरा बरण्या

परवा दुपारी वाऱ्याने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा पत्रा उचलला आणि खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एका निरपराध स्कूटरवर नेऊन टाकला. मी कामावर होते. घरी एकटे बाबा. त्यांचा फोन आला, "घाबरू नकोस, सावकाश ये. स्कूटर आपली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पाणी मात्र आपल्याकडे आलंय."

ठाण्यात खोपटला एसटीच्या आगारामागे आमचं घर आहे, तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर पूर येत नाही, या एकाच कारणासाठी मी ते पसंत केलं होतं. घर दाखवणारा माणूस उजेड, वारा, देवघराची जागा असं काय काय सांगत होता. मी फक्त जिने मोजत होते. आणि आता पावसाने सरळ खिडकीतून येऊन ओट्याखालच्या कपाटात मुक्काम ठोकला होता. मी पोचले तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर स्कूटरवाल्याचे सात मेसेज येऊन पडलेले, आणि बाबा ओट्यापाशी खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर जुना पंचा, समोर कपाटातून काढलेल्या बरण्या. एकेक बरणी पुसून ते टेबलावर ठेवत होते. मी ओढणी खोचली आणि बरण्यांवरच्या भिजलेल्या चिठ्ठ्या सोलायला घेतल्या. रवा, साबुदाणा, मसाला, सगळ्यांची शाई ओघळून एकच झालेली.

"चिठ्ठ्या काढू नकोस हां," बाबा मान वर न करता म्हणाले.

"बाबा, वीस वर्षं होऊन गेली त्याला."

"गेली की. म्हणून तर आधीच सांगतोय."

ते हसले, मीही हसले. पण माझा हात थांबला. कपाटाचं प्लायवुड फुगलं होतं आणि त्याला तो वास येत होता, ओल्या लाकडाचा, ओल्या कागदाचा, जरासा मातीचा. तो वास मी कुठेही ओळखीन. माझ्या नाकाबद्दल अशी खात्री देण्याचा मला फारसा अधिकार नाही, ते पुढे कळेलच. पण हा एक वास मात्र मला नक्की कळतो. तो मोहन्याचा वास आहे.

कल्याणजवळच्या मोहन्याला आमची चाळ नदीपासून हाकेच्या अंतरावर होती. अकरा खोल्या, एका ओळीत, वर पत्रे, आणि खोलीखोलीच्या मधली भिंत छातीपर्यंत विटांची, त्यावर तीही पत्र्याचीच. उन्हाळ्यात उल्हास नदी अगदी गरीब दिसायची. पावसाळ्यात मात्र दर एक-दोन वर्षांनी ती आमच्याकडे यायची, आणि कधीही पुढच्या दाराने आली नाही. ती मोरीतून यायची. आधी मोरीच्या भोकातून गुळण्या केल्यासारखा आवाज, मग एक बुडबुडा, मग काळं पाणी. बाहेर अंगण कोरडं असायचं आणि आत मोरी भरून वाहत असायची. नव्या भाडेकरूला हे समजायला एक पावसाळा जायचा.

आईला समजावावं लागत नसे. तिच्याकडे एक विटेचा तुकडा आणि चिंध्यांचा बोळा मोरीच्या कोपऱ्यात बारमाही तयार असायचा. गुळण्यांचा आवाज आला की ती बोळा भोकात ठोकायची, वर वीट ठेवायची आणि मग कंबर कसून सामान माळ्यावर चढवायला लागायची. त्या चढवण्याचाही क्रम ठरलेला. पहिला मसाला, मग धान्य, मग गाद्या, मग माझी पुस्तकं, आणि सगळ्यात शेवटी बाबांची कागदपत्रांची फाइल. बाबा कल्याणला एका छापखान्यात कामाला होते. कागद हा त्यांच्या दृष्टीने देव. दर पुराला त्यांचं ठरलेलं भांडण व्हायचं.

"अगं, रेशनकार्ड आहे त्यात! भाड्याची पावती आहे!"

"कागद पुन्हा मिळतात," आई वर न बघता म्हणायची. "मसाला मे आल्याशिवाय होत नाही."

मग बाबा मुकाट्याने बरणी उचलून द्यायचे आणि फाइल स्वतःच्या डोक्यावर धरून उभे राहायचे.

मे महिन्यात आमच्या चाळीत मसाल्याचा मोसम असे. बायका मिळून कल्याणच्या बाजारात जायच्या, बेडगी आणि संकेश्वरी मिरची पोत्याने आणायच्या आणि वाटून घ्यायच्या. अंगणात साड्या अंथरून मिरच्या वाळत पडायच्या. तीन-चार दिवस सगळी चाळ शिंकत असायची. धणे, लवंग, दगडफूल भाजायला प्रत्येकीच्या चुलीवर, आणि कांडायला मात्र एकाच दुकानात, पाठोपाठ नंबर लावून. एकदा एका बाईला भांड्यांच्या दुकानात झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बरण्या दिसल्या, तर तिने अकराही घरांसाठी एकदम आणल्या. सगळ्या सारख्या, लाल झाकणाच्या. तेव्हा ओळखायला म्हणून प्रत्येकीने बरणीच्या गळ्याला आपल्या जुन्या साडीची चिंधी बांधली. आईची हिरव्यावर पिवळे ठिपके. आमच्या भिंतीपलीकडच्या शालनकाकूंची जांभळी. लिहिण्या-वाचण्याचा प्रश्नच नाही, कोणाची साडी कोणती हे चाळीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मिरची तीच, दुकान तेच, पण मसाला कधी सारखा होत नसे. आई भाजायला जरा जास्त वेळ घ्यायची आणि दगडफुलाला तिचा हात सढळ होता. शालनकाकू आमच्यासारख्याच रत्नागिरीकडच्या, आईची जिवाभावाची मैत्रीण. त्या दोघींची यावरून कायम चेष्टा चालायची. "तुझा करपतो," काकू म्हणायच्या. "तुझा कच्चा राहतो," आई म्हणायची. आणि दोघी एकमेकींच्या कालवणात बोट बुडवून चाखायच्या.

त्या वर्षीच्या मेमध्ये आईला पोटाचं दुखणं पुरतं लागलेलं होतं. तरी तिने मसाला केला. स्टुलावर बसून, मधेमधे भिंतीला डोकं टेकून, मोठ्या कढईत एकेक जिन्नस भाजला. मला म्हणाली, "बघून ठेव. किती भाजायचं ते डोळ्यांनी बघायचं असतं." माझी कॉलेजची परीक्षा नुकतीच संपलेली, एका मैत्रिणीने दिलेली कादंबरी माझ्या हातात होती. मी मान वर केली, कढईकडे पाहिलं, "हो" म्हणाले आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. त्या कादंबरीतलं मला आज काही आठवत नाही. कढईतल्या धण्यांचा रंग कसा होता तेही आठवत नाही. मृग लागला त्या आठवड्यात आई गेली.

घरात तिच्या वस्तू पुष्कळ होत्या. पण तिच्या हातचं असं एकच काही उरलं होतं, हिरव्या चिंधीची बरणी. मला स्वयंपाक यथातथाच येत होता. भाजी कच्ची राहायची, भात लागायचा. पण मसाल्याचा चमचा त्यात पडला की घरात आईचा वास यायचा आणि बाबा एक पोळी जास्त खायचे. मी मनाशी हिशेब घातला होता की जपून वापरला तर पुढच्या मेपर्यंत पुरेल. म्हणजे आई अजून वर्षभर तरी आमच्यात आहे. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण रोज झाकण लावताना ते दोनदा दाबून बघायचे.

आणि त्याच आषाढात नदी आली. सकाळची दहाची वेळ. बाबा कामावर निघायचे होते, मी पोह्यांना फोडणी घालत होते. मोरीत गुळण्यांचा आवाज झाला. मी बोळा ठोकला, वीट ठेवली, पण या वेळी पाणी विटेला जुमानेना. वीट बाजूला ढकलली गेली आणि अर्ध्या तासात पाणी पिंढरीला लागलं. चाळीच्या मागे घरमालकीण जनाबाईंचं एकमजली पक्कं घर होतं. त्या वरच्या गॅलरीतून ओरडत होत्या, "अगो पोरींनो, खाली नको थांबू! आज पानी थांबाचं नाय, वर या!"

मग एक साखळी झाली. चाळीच्या ओट्यापासून जनाबाईंच्या जिन्यापर्यंत माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि हातोहात सामान वर जाऊ लागलं. मी आईचा क्रम मोडला नाही. पहिली बरणी. आमचं बघून सगळ्यांनीच आधी मसाला दिला. लाल झाकणाच्या अकरा बरण्या पाण्यावरून तरंगत गेल्यासारख्या वर गेल्या. बाबांची फाइल त्या गडबडीत फळीवरच राहिली आणि भिजून तिचा लगदा झाला.

जनाबाईंच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही चाळीसेक माणसं होतो. वादळ सुटलेलं, वीज गेलेली. तरीही घर चाललं होतं. एका भल्यामोठ्या टोपात चहा उकळत होता, कोणीतरी तांदूळ निवडत होतं, कोणी पोराचं नाक पुसत होतं. खाली आपलं घर बुडत असताना माणसं लोणच्याच्या फोडीवरून वाद घालू शकतात, हे मी तिथे पाहिलं. मला मात्र स्वस्थ बसवत नव्हतं. आई गेल्यापासून मी रिकामी बसले की मला धाप लागल्यासारखं व्हायचं. म्हणून मी बरण्यांकडे वळले. सगळ्या चिखलाच्या पाण्याने माखलेल्या, आणि गळ्याच्या चिंध्या ओल्या गच्च. माझ्या डोक्यात आलं, ही ओल झाकणातून आत जाईल आणि मसाल्याला बुरशी धरेल. मी शहाणी! अकराही चिंध्या सोडल्या, स्वच्छ धुतल्या, गॅलरीत सुतळी बांधून तिच्यावर वाळत घातल्या. बरण्या पुसून भिंतीला ओळीने लावल्या, खोल्यांच्याच क्रमाने, पहिलीपासून अकरावीपर्यंत. आमची सातवी. चिंध्या वाळल्या की बांधू. सगळ्या बायकांनी कौतुक केलं. "आईवर गेली हो," शालनकाकू म्हणाल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की मी आणखी चार ताटं विसळून ठेवली.

संध्याकाळी झोपायला जागा करायची म्हणून जनाबाईंच्या सुनांनी त्या बरण्या उचलून आतल्या खोलीत पलंगाखाली सरकवल्या. हाताला आली तशी.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. पूर येतो तेव्हा भीती वाटते, पण रडू येतं ते पूर गेल्यावर. दार उघडेना, आतून गाळ दाटून बसला होता. बाबांनी खांद्याने ढकललं. घोट्याच्या वरपर्यंत चिकणमाती, तिच्यात अर्धवट रुतलेल्या चपला, पातेली, माझी पुस्तकं, आईच्या बांगड्यांचा डबा. कपाट आडवं झालेलं. भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक सरळ काळी रेघ, पट्टीने मारल्यासारखी. गाद्यांनी इतकं पाणी प्यायलेलं की चार माणसांना एक गादी उचलेना. तांदळाला आंबूस वास सुटला होता.

गाळ काढायचीही एक रीत असते. तो ओला असतानाच काढायचा, वाळला की दगड होतो. आधी फावड्याने घमेल्यात, मग पत्र्याच्या तुकड्याने खरवडून, मग खराट्याने, मग पाणी. खालून वर धुवायचं नाही, वरून खाली. भांडी हापशावर रांगेत. साड्या दोन खांबांमध्ये बांधून. गाद्या उसवून कापूस पत्र्यावर, तोही ऊन पडलं तर. तीन दिवस आम्ही तेच करत होतो. हातांची सालं निघाली, नखांत काळं बसलं. फिनेल आणि जंतुनाशक पावडरीच्या वासाने नाक बंद झालं, त्यात मला सर्दी. मधेच जनाबाई किटली घेऊन यायच्या. "चाय घे आधी, मंग काय तो चिखल बघ." आणि चहा घेताना आम्ही चिखलाने भरलेल्या तोंडांनी एकमेकांना बघून हसायचो. आजही मला ते दिवस वाईट म्हणून आठवत नाहीत, याचं माझं मलाच नवल वाटतं. आई गेल्यानंतर मी त्या तीन दिवसांत पहिल्यांदा भुकेने जेवले होते.

चौथ्या दिवशी, घरं उभी राहिल्यावर, बरण्या खाली आल्या. जनाबाईंच्या ओट्यावर अकरा लाल झाकणं, आणि शेजारी सुतळीवर वाळलेल्या अकरा चिंध्या. कोणती कोणाची? सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

पण बायका हुशार. देशावरच्या दोघींचा मसाला काळा, तो लगेच निघाला. मग झाकणं उघडून वास घ्यायचा, चिमटीत धरून जिभेला लावायचा, आणि "हा माझा" म्हणून चिंधी बांधून न्यायचा. लेकराला उचलून न्यावं तशा एकेक जणी घेऊन गेल्या. शेवटी दोन बरण्या राहिल्या आणि आम्ही दोघी, मी आणि शालनकाकू. काकूंनी दोन्ही हुंगल्या आणि खाली ठेवल्या. "तू आधी घे गं," म्हणाल्या.

मी वाकले. पहिली हुंगली. फिनेल. दुसरी हुंगली. फिनेल. जिभेला लावलं तर दोन्ही तिखट. मी पुन्हा पहिलीकडे गेले. मागून कोपऱ्यातल्या खोलीतली एक बाई म्हणाली, "पोरीला काय कळणार? तिच्या बापाला बोलवा."

"मला माझ्या आईचा मसाला कळत नाही होय?" मी इतक्या जोरात ओरडले की हापशावरच्या बायकाही वळून बघायला लागल्या. आणि त्याच झटक्यात मी डावीकडची बरणी उचलली. "हाच. हाच आमचा."

शालनकाकूंनी सुतळीवरची हिरवी चिंधी काढली, माझ्या हातातल्या बरणीच्या गळ्याला स्वतःच बांधली आणि म्हणाल्या, "हो, हाच." मग उरलेली बरणी उचलून, छातीशी धरून आत गेल्या. जड असेल, असं मला वाटलं.

त्या दिवशी मी डाळीची आमटी आणि भाकरी केली. बाबांनी पहिला घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नाक बंद होतं, मला कशाचीच चव नव्हती, सगळी मदार त्यांच्यावर. बाबांनी घास गिळला आणि म्हणाले, "हां. तिचाच."

मी सुटले. मोरीत जाऊन पोटभर रडले आणि परत येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.

त्यानंतर वर्षभर शालनकाकूंकडून वाटी यायची. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. कधी बांगड्याचं तिखलं, कधी काळ्या वाटाण्याची आमटी, कधी नुसता डाळीचा रस्सा. भिंतीवर दोन थापा मारायच्या आणि हाक, "भाऊजी, वाटी!" बाबा स्वतः उठून जायचे. एरवी पाण्याचा तांब्या जागेवर मागणारा माणूस, पण वाटी घ्यायला मला कधी पाठवत नसत. मला त्या वाटीचा राग यायचा. आई नाही म्हणून दया. मी रोज राबून स्वयंपाक करते, आमच्याकडे आईचा मसाला आहे, आणि ही बाई आम्हाला उपाशी समजते! बाबा म्हणायचे, "थोडं घे गं तू पण." मी कधी घ्यायचे, कधी नाही. घेतलं की तोंड वाकडं करायचे. "चांगलंय," मी म्हणायचे, "पण आईची सर नाही."

बाबा म्हणायचे, "नाही गं. तसं नको म्हणू."

रिकामी वाटी परत द्यायची नाही, हा आईचा नियम. तो मी रागातही पाळला. वाटी घासून तिच्यात आमच्याकडची उसळ, नाहीतर रस्सा भरून पाठवायचे. मनात म्हणायचे, बघा खाऊन, मसाला म्हणतात तो असा.

पुढच्या मेमध्ये मी शालनकाकूंच्या शेजारी पाट टाकून बसले आणि मसाला शिकले. त्याच्या पुढच्या वर्षी चाळ पाडायची ठरली. जनाबाईंनी सगळ्यांना साडी दिली. कोणी टिटवाळ्याला गेलं, कोणी कळव्याला. शालनकाकू डोंबिवलीला लेकाकडे. आम्ही ठाण्याला आलो. आमच्या बरणीवरची हिरवी चिंधी तोवर विरून गेली होती.

हे सगळं मला परवा त्या ओल्या कपाटापुढे आठवलं. काल रविवार होता. खिडकीला ताडपत्री बांधून झाली, स्कूटरवाल्याची समजूत काढून झाली, आणि मी कपाटाचा अगदी खालचा, फुगून अडकलेला खण लाथ मारून उघडला. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक स्टीलची वाटी निघाली. ओल्या कागदाखाली काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, सौ. शालन.

"बाबा, ही आपल्याकडे कशी?"

बाबांनी वाटी हातात घेतली, अंगठ्याने नाव पुसलं. "राहिली. शेवटची होती ही, मीच ठेवून दिली."

"परत नाही दिली?"

"रिकामी कशी देणार?"

"मग भरून द्यायची होती!"

"कशाने भरणार होतो?" बाबा म्हणाले. "तिच्यात जे यायचं ते आपल्याकडे कुठे होतं? तुझ्या आईचा मसाला असायचा तिच्यात."

मी खाली बसले. फरशी ओली होती, तरी बसले.

"तुम्ही तर म्हणाला होतात, तिचाच म्हणून."

"म्हणालो होतो. तुझे हात सोलवटलेले. सगळ्या चाळीसमोर तू ओरडलेलीस, ते मी हापशावरून ऐकलेलं. पहिल्याच घासाला मला कळलं, हा शालनचा. काय सांगणार होतो तुला?"

"आणि काकूंना?"

"तिला तर तिथेच कळलेलं. पहिली वाटी घ्यायला गेलो, दारातच बोट बुडवून चाखली. वर बघितलं तर ती पदराने डोळे पुसत होती. आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. ती पाठवत गेली, मी आणत गेलो."

मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर माझं ते वाकडं तोंड, आणि ते माझं वाक्य: पण आईची सर नाही. आईच्या हातचं समोर वाटीत होतं, नाक उघडं होतं, जीभ शाबूत होती, आणि मी एकदा नाही, वर्षभर तिला नावं ठेवली. मला फार वाईट वाटलं. इतकं, की बाबांना माझ्यासमोर खुर्ची ओढून बसावं लागलं. "अगं, बाकीचं मी खाल्लं की," ते म्हणाले. त्यांना तेवढंच सुचलं.

आज सकाळी बांगडे आणले, यंदाच्या माझ्या मसाल्यात तिखलं केलं, डब्यात भरलं आणि वाटी घेऊन डोंबिवलीला गेले. शालनकाकू तळमजल्यावर राहतात. परवाच्या वाऱ्यात त्यांच्याही खिडकीची काच गेली होती. व्हरांड्यात सतरंज्या वाळत होत्या आणि सत्तरी उलटलेल्या काकू पाटावर बसून सुपातले पोहे निवडत होत्या. "चपला तिथेच काढ गं, खाली काच असेल," म्हणाल्या, जसं काही मी कालच येऊन गेले होते.

मी डब्यातलं कालवण वाटीत ओतलं आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी काठावरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजींनी सांगितलं वाटतं."

"काकू, मला खरंच कळलं नव्हतं."

"कळू नये म्हणूनच तर गप्प बसले. इतकीशी पोर, आई जाऊन महिना नाही झालेला." त्यांनी वाटीत बोट बुडवलं, चाखलं, डोळे मिटले. मग एकदम हसायला लागल्या. "आपली भिंत पत्र्याची होती गं."

"म्हणजे तुम्हाला..."

"सगळं ऐकू यायचं. प्रत्येक वाटीला. ज्या बाईचा मसाला तिचीच लेक तिला नावं ठेवते! मला आधी हसू यायचं, मग रडू यायचं. आणि वाटायचं, हे जिला सांगायला पाहिजे तीच नाही. हसून हसून लोळली असती ती." त्यांनी पुन्हा बोट बुडवलं. "चांगलं झालंय हो. भाजलायस बेताने. पण..."

"आईची सर नाही," मी म्हणाले.

"नाही," काकू म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पोह्यांच्या सुपावर वाकून इतक्या हसलो की आतून त्यांची सून बघायला आली. मग मला रडू आलं आणि काकूंनी ते येऊ दिलं.

निघताना त्यांनी वाटी घासली, पुसली आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा वाटीवर प्लॅस्टिकचा कागद ताणून रबर लावलेलं होतं. "माझा यंदाचा मसाला. रिकामी कशी देऊ?"

घरी आले तेव्हा बाबा ताडपत्रीची दोरी घट्ट करत होते. मी वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी रबर काढलं, वास घेतला आणि चिमूटभर जिभेवर ठेवला. मीही चाखला. नाक साफ होतं. आणि मला त्या वर्षीचं आमचं घर आठवलं, भिंतीवरची काळी रेघ, भाकरी थापताना चुरचुरणारे हात, आणि झाकण दोनदा दाबून बघणारी मी. वर्षभर मी ज्याला आई समजून जेवले होते, ते हेच.

"कोणाचा?" मी बाबांना विचारलं.

"शालनचा," बाबा म्हणाले. मग आणखी एक चिमूट घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हां. तिचाच."